विंचू उतरतो तेव्हा

संगमेश्वरचे नाव काढले की इतिहासाच्या अभ्यासकाला १६८९ सालचा फेब्रुवारी महिना आठवतो. छत्रपती संभाजी महाराज मोगलांच्या हाती सापडले ते याच कसब्यात. प्रवाशाला कर्णेश्वराचे जुने देऊळ आठवते, नद्यांचा संगम आठवतो. वाचकहो, मी आज सांगणार आहे तो इतिहास मात्र देवळाचा नाही आणि लढाईचाही नाही. तो आहे जांभ्याच्या गडग्यात, सरपणाच्या ढिगात आणि कौलांच्या खाली राहणाऱ्या एका बोटभर प्राण्याचा, आणि त्याच्या दंशाने मरणारी माणसे वाचवण्याची विद्या आमच्या कोकणात कशी घडली त्याचा.

कोकणातला मे महिना म्हणजे आगोटीच्या कामांचा महिना. पाऊस दाराशी आलेला असतो. कौले उतरवून घर शाकारायचे, लाकूडफाटा आणि शेणी पडवीत आणून रचायच्या, पेंढ्याची व्यवस्था लावायची. ऊन असे तापते की जमिनीतला आणि दगडातला जीव बाहेर पडू पाहतो. नेमका हाच विंचू डसण्याचा हंगाम. दुसरा हंगाम भातकापणीच्या सुमाराचा. जिथे माणसाचा हात जातो तिथेच त्याचे बिऱ्हाड असते, आणि बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणारा हा भाडेकरू घरमालकाला कधी डसेल त्याचा नेम नसतो.

माझे बालपण संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत गेले. १९८८ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. माझ्याच वर्गातला एक मुलगा सरपण उचलताना डसला गेला. लाल विंचू होता, लहानसा. मुलगा आकांत करीत होता. शेजारच्या वाडीतून विंचू उतरवणारा आला. त्याने पाणी भारले, पाला चोळला, तोंडाने काही पुटपुटला. तासाभरात ठणका खाली येऊ लागला. खांद्यापर्यंत चढलेली कळ कोपरावर आली, कोपरावरून मनगटावर आली. “उतरला, उतरला!” म्हणून मंडळी घरोघर गेली. मुलाच्या आईने त्याला पेज पाजली. ती त्याने ओकून टाकली. पुन्हा पाजली, पुन्हा ओकला. उकाड्याचे दिवस होते, त्यामुळे तो घामाने भिजला होता याचे कुणाला नवल वाटले नाही. रात्री त्याची आई एवढेच म्हणत होती, “ह्याचे हातपाय गार का पडलेत?” पहाटेच्या आधी त्याला धाप लागली, तोंडाला फेस आला. संगमेश्वरच्या रस्त्यापर्यंत डोलीतून नेईतो सगळे संपले होते.

“विंचू उतरला आणि पोर गेले,” असे वाडीतले लोक पुढे कित्येक वर्षे म्हणत. या वाक्यातले कोडे मला लहानपणी उलगडले नाही. ठणका उतरला होता हे तर सर्वांनी डोळ्यांनी पाहिले होते. मग मुलगा गेला कशाने? मोठेपणी, इतिहास शिकवता शिकवता, या कोड्याचा मागोवा घ्यावा असे वाटले. तो घेता घेता जे हाती आले ते तुमच्यापुढे ठेवतो.

*

प्रथम मांत्रिकाला न्याय देऊ. तो फसवत होता असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. विंचू डसलेल्या बहुसंख्य लोकांना फक्त जागच्या जागी असह्य ठणका लागतो आणि तो काही तासांत, फार तर दिवसभरात, आपला आपण कमी होतो. म्हणजे मंत्र घातला तरी उतरतो आणि न घातला तरी उतरतो. दहा जणांपैकी आठ-नऊ जण असे बरे झाले की कोणत्याही मंत्राची कीर्ती होणारच. उरलेला एखादा गेला तर त्याचे आयुष्य सरले होते असे म्हणायचे. जे बरे होणारच होते त्यांचे श्रेय उपचाराला द्यायचे आणि जे गेले त्यांचा हिशेब दैवाकडे मांडायचा ही चूक एकट्या मांत्रिकाची नाही. वैद्यकाच्या इतिहासात शिकल्यासवरल्या लोकांनीही ती शतकानुशतके केलेली आहे.

शिवाय आपल्या मनात विंचू म्हणजे वेदना हे समीकरण पक्के बसलेले. एकनाथ महाराजांचे विंचवाचे भारूड महाराष्ट्रात कुणाला ठाऊक नाही? नाथांनी त्यात कामक्रोधाचा विंचू डसवला आहे. पण गंमत अशी की त्या भारुडातही दंशापाठोपाठ अंगाला घाम येतो. म्हणजे घामाची गोष्ट लोकांनी चारशे वर्षांपूर्वी पाहिली होती. तिचा अर्थ मात्र कुणी लावला नव्हता.

पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी या प्राण्याची दखल बरीच आधी घेतली. फाब्रिसियस या डॅनिश पंडिताने १७९८ साली या लाल विंचवाचे वर्णन करून त्याला नाव दिले, त्यात ‘तामुलस’ म्हणजे तमिळ देशचा हा शब्द घातला. पुढे पोकॉक या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९०० साली हिंदुस्थानातल्या विंचवांचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. आमच्या किनाऱ्यावरच्या जातीला जे ‘कोकणचा’ अशा अर्थाचे लॅटिन नाव आहे, ते त्याच्याच नावाशी जोडलेले आहे. पाहा म्हणजे, प्राण्याच्या कपाळी कोकणचा शिक्का १९०० साली बसला. त्याच्या दंशाने माणूस नेमका कशाने मरतो हे कळायला मात्र आणखी साठ वर्षे जावी लागली.

१९६१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात डॉ. मुंडले यांनी विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी भरते याची नोंद प्रसिद्ध केली. परळच्या हाफकिन संस्थेत डॉ. देवरस त्याच काळात विंचवांचे विष काढून त्याचा अभ्यास करीत होते. १९७० साली इस्राएलमध्ये ग्युरॉन आणि यारोन यांनी तिकडच्या विंचवाने हृदयावर होणारे परिणाम सविस्तर मांडले. १९७८ साली डॉ. गायतोंडे, जाधव आणि लवाटे यांनी लॅन्सेट या लंडनच्या साप्ताहिकात पुन्हा फुप्फुसातल्या पाण्याविषयी लिहिले. म्हणजे मरणाचे दार कोणते ते दिसू लागले होते. पण त्या दारापर्यंत रुग्ण कोणत्या वाटेने जातो, आणि त्या वाटेवर त्याला अडवावे कुठे, हे सांगणारा कोणी नव्हता.

*

इथे क्षणभर कोकण सोडून युरोपात जाऊ या, कारण अत्यवस्थ रुग्णाची वाट अडवण्याचे जे शास्त्र आहे त्याचा जन्म तिकडचा. तो झाला भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातून. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे लक्ष जखमेवर असते. भूलतज्ज्ञाचे लक्ष माणसावर असते. नाडी किती, श्वास कसा, त्वचेचा रंग कोणता, हात ऊन की गार, हे दर मिनिटाला पाहात बसणे हाच त्याचा धंदा.

१९५२ सालच्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन इथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडॅम रुग्णालयात येऊ लागले. कृत्रिम श्वासाचे लोखंडी यंत्र होते एकच. पहिल्या आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावण्यात आले. त्याने शस्त्रक्रियेच्या खोलीतली आपली रोजची युक्ती तिथे आणली. रुग्णाच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून छातीत हवा घालायची. पिशवी दाबणार कोण? सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसले आणि दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे हाताने श्वास देत राहिले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पुढच्याच वर्षी इब्सेनने अत्यवस्थ रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. आज आपण ज्याला अतिदक्षता विभाग म्हणतो त्याचा उगम हा असा आहे. यंत्रे त्यात नंतर आली. आधी आली ती उशाशी बसणारी माणसे.

भूलशास्त्राने याच सुमारास आणखी एक गोष्ट जगाला दिली. फ्रान्सच्या नौदलातला शल्यवैद्य आंरी लाबोरी याने १९५१ च्या सुमारास तीन औषधांचे एक मिश्रण प्रचारात आणले. शस्त्रक्रियेच्या धक्क्यापुढे शरीर शांत राहावे, जणू झोपी जावे, हा त्याचा हेतू. हे मिश्रण हिंदुस्थानातही पोहोचले आणि खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत विंचूदंशावर वापरले जाऊ लागले. रोगी ओरडायचा थांबे, गुंगीत जाई. नातेवाइकांचे समाधान होई. पण वाचकहो, हा तर मांत्रिकाचाच न्याय झाला! वेदना शमली म्हणजे रोग गेला असे धरायचे. उलट गुंगीत पडलेल्या रुग्णाची खरी लक्षणे झाकली जात. घाम थांबावा म्हणून ॲट्रोपिन देण्याचीही वहिवाट होती. त्याने घाम थांबे, पण आधीच दौडणारे हृदय आणखी दौडू लागे. भूलतज्ज्ञाचे औषध आपण उचलले, पण उशाशी बसून पाहात राहण्याची त्याची सवय उचलायला विसरलो.

*

ती सवय घेऊन १९७६ साली एक तरुण डॉक्टर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. तेव्हा तो जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. डॉक्टरांचे नाव हिंमतराव साळुबा बावस्कर. गाव जालना भागातले देहेड, घर शेतकऱ्याचे, शिक्षण नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात. कोकणात आल्यावर त्यांनी पाहिले की विंचू डसलेली धडधाकट माणसे, विशेषतः मुले, काही तासांत दगावतात, आणि त्याला काही इलाज नाही असे सगळे धरून चालतात.

बावस्करांनी काय केले? त्यांनी पहिल्याने औषध शोधले नाही. ते रुग्णाजवळ बसले. नाडी, रक्तदाब, श्वास, हातापायांचा स्पर्श, उलटी केव्हा झाली, घाम केव्हा आला, धाप केव्हा लागली, याच्या नोंदी ठेवू लागले. अशा नोंदी एका रुग्णाच्या असतील तर ती हकीगत होते. पुष्कळांच्या असतील तर त्यातून क्रम दिसू लागतो. तो क्रम त्यांना दिसला आणि १९८२ साली त्यांनी तो लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केला.

काय होता तो क्रम? ज्याला दंशाच्या जागी असह्य ठणका आहे पण बाकी काही नाही, तो बहुधा सुरक्षित. ज्याला उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, तोंडाला लाळ सुटते, हातपाय गार पडतात, तो धोक्यात, मग त्याचा ठणका कितीही थोडा असो. मुलग्यांत आणि पुरुषांत आणखी एक लक्षण दिसते, घरचे ते संकोचाने बोलत नाहीत: लिंगाला आपोआप ताठरता येते. हीही पुढच्या संकटाचीच खूण. ही लक्षणे म्हणजे हृदयावर येणाऱ्या घाल्याची आगाऊ वर्दी आहे, असे बावस्करांनी सांगितले.

हे मी प्रथम वाचले तेव्हा माझ्या हातून पुस्तक खाली ठेवले गेले. उलटी, घाम, गार हातपाय! आमच्या वाडीतल्या त्या माउलीने १९८८ सालच्या रात्री हेच तर पाहिले होते. तिने क्रमदेखील बरोबर सांगितला असता. आम्ही सारे ठणका पाहात होतो. ती एकटी मुलाकडे पाहात होती.

*

आता हे असे का होते ते थोडक्यात पाहू. विंचवाचे विष रक्त नासवत नाही की मांस कुजवत नाही. ते मज्जातंतूंना गाठते. मज्जातंतूच्या आवरणात सोडियमचे कण आत येण्याच्या बारीक वाटा असतात. त्या क्षणभर उघडतात आणि लगेच मिटतात, तेव्हा एक संदेश पुढे जातो. विष या वाटा मिटू देत नाही. मग संदेशांचा पूर येतो. प्रथम उलटी, घाम, लाळ यांचे मज्जातंतू खवळतात. पाठोपाठ भय आणि झुंज यांसाठी निसर्गाने ठेवलेली यंत्रणा खवळते आणि शरीरात ॲड्रिनॅलिनच्या जातीच्या द्रव्यांची लाट उसळते. अंगभर रक्तवाहिन्या आवळल्या जातात. म्हणून हातपाय गार. रक्तदाब चढतो. आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकते. पावसात मोरीचे तोंड बुजले की पाणी मागे परड्यात शिरते ना, तसे रक्त मागे फुप्फुसाकडे तुंबते आणि फुप्फुसात पाणी झिरपते. मग धाप आणि फेस. म्हणजे विंचवाचे विष माणसाला मारते ते त्याच्याच शरीरातल्या शक्ती त्याच्यावर उलटवून.

एकदा हे ध्यानी आले की उपचाराची दिशा बदलते. वेदना शमवणे हे मुख्य काम नव्हे. आवळलेल्या वाहिन्या सैल करणे हे मुख्य काम. बावस्करांनी त्यासाठी प्रथम सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध शिरेतून थेंबथेंब दिले. औषध गुणकारी, पण फार कडक. थेंब जरा जास्त पडला की रक्तदाब कोसळतो. क्षणभर दृष्टी हटवून चालत नाही. शहरातल्या अतिदक्षता विभागात ते ठीक, पण जिथे वीज जाते-येते आणि एकाच डॉक्टरच्या अंगावर सगळे केंद्र असते, तिथे हे किती जणांना जमणार?

मधल्या काळात बावस्करांनी पुण्याला एम. डी. ची पदवी घेतली होती. पुढचा रस्ता मोठ्या शहराकडे जाण्याचा. ते मात्र पुन्हा महाडच्याच मुलखात परत आले. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर याही या संशोधनात बरोबरीने सहभागी झाल्या. पुढच्या कित्येक निबंधांवर दोघांची नावे आहेत. १९८३-८४ च्या सुमारास त्यांनी प्राझोसिन या गोळीचा उपयोग सुरू केला. ही गोळी विंचवासाठी कुणी बनवलेली नव्हती. रक्तदाबाच्या रुग्णांसाठी ती काही वर्षांपूर्वी बाजारात आली होती. ॲड्रिनॅलिनच्या जातीची द्रव्ये रक्तवाहिन्यांच्या ज्या खुंट्यांना पकडून त्यांना आवळतात, त्या खुंट्याच ही गोळी झाकून टाकते. स्वस्त, तोंडाने देता येणारी, कुठल्याही केंद्रात ठेवता येण्याजोगी. मुलांना वजनाच्या दर किलोला ३० मायक्रोग्रॅम असे तिचे प्रमाण ठरले, आणि हातपाय ऊन होईपर्यंत ठरावीक तासांनी ती पुन्हा द्यायची. गोळी दिल्यावर रुग्णाला आडवाच ठेवायचा, कारण एकदम उठवले तर रक्तदाब उतरून घेरी येते. म्हणजे इथेही उशाशी कोणी तरी हवेच.

१९८६ साली लॅन्सेटमध्ये ही हकीगत प्रसिद्ध झाली. बावस्करांच्या नोंदींप्रमाणे, १९६१ ते १९८३ या काळात गंभीर विंचूदंशाचे २५ ते ३० टक्के रुग्ण फुप्फुसात पाणी भरून दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण १ टक्क्यापर्यंत खाली आले. दवाखान्यात वेळेवर पोहोचलेल्या रुग्णांबद्दल हे आहे, हे विसरायचे नाही.

आता तारखा पुन्हा एकदा पाहा. उपाय छापून आला १९८६ साली. आमचा मुलगा गेला १९८८ साली. महाड आणि संगमेश्वर ही एकाच मुंबई-गोवा रस्त्यावरची गावे. मध्ये पोलादपूर, कशेडीचा घाट, खेड, चिपळूण. महाडचे ज्ञान लंडनला गेले, तिथे छापले गेले, आणि त्याच रस्त्यावरच्या आमच्या वाडीत ते दोन वर्षांनीही आले नव्हते. यात मी कुणाला दोष देत नाही. इतिहासाचा माणूस म्हणून एवढेच नोंदवतो की शोध लागणे ही एक घटना आहे आणि शोध पोहोचणे ही दुसरी. पहिलीची तारीख पुस्तकात असते. दुसरीची तारीख वाडीवाडीला वेगळी असते. बावस्करांना याची जाण होती. म्हणूनच निबंध लिहून न थांबता ते आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांपुढे हा उपचार समजावून सांगत राहिले.

*

गोष्ट इथे संपती तर ती एका माणसाच्या यशाची कथा झाली असती. पण शास्त्राची वाट एका माणसावर थांबत नाही, आणि एका मतावर तर नाहीच. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राधाकृष्ण मूर्ती यांनी प्राण्यांवर प्रयोग करून वेगळा विचार मांडला. विषामुळे शरीरात इन्सुलिनचे काम अडते, तेव्हा इन्सुलिन आणि ग्लुकोज द्यावे, असे त्यांचे म्हणणे. दुसरीकडे प्रश्न होता लशीचा, म्हणजे प्रतिविषाचा. सर्पदंशावर लस आहे, मग विंचवावर का नसावी? हाफकिनने लाल विंचवावरची लस तयार केली. तिचा पद्धतशीर उपयोग करून पाहणाऱ्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले, म्हणजे आमच्याच शेजारचे डॉक्टर होते. डॉ. नातू यांनी डॉ. मूर्ती व डॉ. देवधर यांच्यासह २००६ साली, आणि पुढे इतर सहकाऱ्यांसह २०१० साली, गंभीर दंशावर लस प्रभावी ठरते असे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

बावस्करांचे मत काय होते? १९९१ साली त्यांनी एका निबंधाच्या मथळ्यातच प्रश्न टाकला होता की लशीची खरोखर गरज आहे काय. प्राझोसिनने काम होते, मग महाग लस कशाला, असा तो रोख. असा माणूस आपल्या मताला चिकटून राहिला असता तर कुणी नवल केले नसते. पण त्यांनी स्वतःच परीक्षा मांडली. लाल विंचवाने डसलेले, गंभीर लक्षणे असलेले ७० रुग्ण घेतले आणि कोणता उपचार कुणाला हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. ३५ जणांना नुसते प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि लस. दहा तासांत पुरते बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात होते ८, दुसऱ्या गटात ३२. बरे होण्यास सरासरी वेळ लागला तो एका गटात सुमारे १७.७ तास, दुसऱ्यात ८ तास. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये, म्हणजे जिथे पन्नास वर्षांपूर्वी मुंडल्यांची नोंद आली होती तिथेच, हा निष्कर्ष छापून आला. ज्याने एक इलाज शोधला त्यानेच आपल्या इलाजाला जोड हवी हे जगाला सांगितले. मला विचाराल तर १९८६ च्या शोधाइतकाच हा २०११ चा कबुलीजबाब मोलाचा आहे. २०२२ साली भारत सरकारने डॉ. बावस्करांना पद्मश्री देऊन गौरविले.

*

मग आता सगळे निर्वेध झाले काय? तसे नाही. औषध वेळेशी बांधलेले आहे. लस जितकी लवकर तितकी उपयोगी. एकदा फुप्फुसात पाणी भरले की प्राणवायू, कृत्रिम श्वास, मोठे रुग्णालय हे सारे लागते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांतून रस्त्यापर्यंतची वाट आजही पावसाळ्यात सोपी नसते. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली, डोलीचे दिवस पुष्कळ सरले. पण रुग्णवाहिका बोलावायची केव्हा, हे घरच्यांना कळले पाहिजे.

म्हणून हा इतिहास सांगण्याचा माझा हेतू साधा आहे. विंचू डसला तर ठणक्याकडे पाहू नका, माणसाकडे पाहा. उलटी झाली का? घाम फुटला का? हातपाय गार पडले का? यांपैकी काही दिसले तर मंत्राला, पाल्याला, “बघू सकाळपर्यंत”ला वेळ देऊ नका. मूल असेल तर लक्षणांचीही वाट पाहू नका. थेट आरोग्य केंद्र गाठा. गोळी घरी आणून स्वतःच्या मनाने देऊ नका; तिच्यामागे डॉक्टरचा डोळा लागतो. आणि मेमध्ये पडवीतले सरपण हलवताना, कौले उतरवताना हात घालण्याआधी काठी घाला.

कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनी हाताने श्वास दिला. बिरवाडीच्या डॉक्टरने रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या. आमच्या वाडीतल्या आईने आपल्या मुलाचे गार पडलेले हात हातात घेतले होते. पाहण्यात ती या कुणापेक्षा उणी नव्हती. उणे होते ते एवढेच, की तिने पाहिले त्याचा अर्थ काय, हे तिला सांगणारे त्या रात्री कुणी नव्हते. तो अर्थ आज ठाऊक आहे. तो संगमेश्वरच्या प्रत्येक वाडीपर्यंत पोहोचला की या इतिहासातली दुसरी तारीखही लिहिता येईल.